कुणकेश्वराक चलत

माघ उतरायला लागला की आमच्या गावातल्या लोकांच्या पायांना अंगण पुरत नाही. आंब्याचा मोहर गळून बारीक कैऱ्या दिसू लागतात, पहाटेचं धुकं खाडीवरून उठायला उशीर करतं, दुपारी कातळ तापू लागतो, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण दुसऱ्याला एकच विचारतो, "शिवरात्रीक चलत जातास मां?" कुणकेश्वराला चालत जाणं हा आमच्याकडे नवस नाही, पराक्रमही नाही. सुईणीपासून सावकारापर्यंत सगळे जातात. म्हाताऱ्या जातात, पोटुशा बायका जातात, एक पाय आखूड असलेला आमचा न्हावी जातो आणि आल्यावर बाकीचे किती मागं राहिले ते सांगतो.

परवा पडवीत पेपर वाचत बसलो होतो. पेपर म्हणजे पोटावर ठेवलेला पेपर; माझ्या पोटाचा टेबल म्हणून उत्तम उपयोग होतो. रस्त्यावरून हाक आली, "मास्तर, औंदा येतास काय?" मी म्हटलं, "गुडघो धरता रे." हाक मारणारा हसला आणि गेला. माझे गुडघे ठणठणीत आहेत, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी दर वर्षी तो विचारतो आणि दर वर्षी मी गुडघा पुढं करतो. एवढी सभ्यता आमच्या गावात अजून शिल्लक आहे.

मी एकदाच चालत गेलो. त्या एका खेपेसाठी मी एक अख्खा हंगाम, दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, माणसानं स्वतःला करू नये तो उद्योग केला. मी बारीक झालो.

तेव्हा मी प्राथमिक शाळेत नवा मास्तर होतो. वय लग्नाचं आणि अंग तीन माणसांचं. पोरं मला पाठीमागं 'बरको फणस' म्हणत. बरका म्हणजे आतून लिबलिबीत. शाळेतल्या मुलांचं निरीक्षण चांगलं असतं, फक्त ते शुद्धलेखनात दिसत नाही.

हे अंग मी एकट्यानं कमावलेलं नव्हतं. त्यातला मोठा वाटा आयेचा. माझा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. गेला तेव्हा माडासारखा सरळ होता. परत आला तेव्हा बोटीतून त्याला दोघांनी धरून उतरवलं. घरामागच्या मांगरात, गुरांच्या खोपटाशेजारी, त्याची खाट घातली. आये दारात ताट ठेवायची, तो ते हातानं ओढून घ्यायचा आणि तसंच परत सरकवायचा. त्याच्या गळ्याखालची दोन हाडं मला आठवतात. त्यांच्यामागं इतके खोल खळगे होते की त्यांत पाणी साठलं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर तो गेला. त्यानंतर आयेनं जगात दोनच जाती मानल्या. सुकणारी माणसं आणि न सुकणारी माणसं. मी दुसऱ्या जातीत राहावं म्हणून तिनं मला वाढायला सुरुवात केली. सकाळी घावणे आणि नारळाचा गोड रस, दुपारी भाताचा डोंगर आणि त्यात माशाच्या आमटीचं तळं, संध्याकाळी काहीतरी गूळखोबऱ्याचं, रात्री पुन्हा डोंगर, पुन्हा तळं. मी जेवत असताना ती समोर बसून माझ्या गालांकडं बघायची. माझे गाल हे तिचं देवघर होतं.

अशा गालांनिशी मी त्या दिवाळीनंतर तळेऱ्याला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या वडलांचं, अण्णांचं, तिठ्यावर चहाचं हॉटेल होतं. मला मान म्हणून त्यांनी हातांची खुर्ची दिली. बसताना ती थोडी कुरकुरली, पण बसलो. मुलगी आली. तिचं नाव कुसुम. सावळी, सडसडीत, पोहे ठेवताना मनगट असं वळलं की मी पोह्यांकडं बघितलंच नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. रीतीप्रमाणं तिची आई म्हणाली, "तुका काय इचारूचा आसात तर इचार गो."

मुली अशा वेळी मान हलवतात. ही मान खाली घालून म्हणाली, "तुमी कुणकेश्वराक चलत जातास?"

सगळे हसले. अण्णा म्हणाले, "आमच्या ह्या चेडवाक लहानपणापासून चलाचो नाद. दर वर्साक माझ्या भयणीवांगडा चलत जाता. तिका चलणारो घोव होयो."

"जातंय मां," मी खोटं बोललो आणि उठलो. खुर्ची माझ्याबरोबर उठली.

ती काढायला अण्णा आणि त्यांचा मेहुणा असे दोघे लागले. कुसुमनं तोंडावर हात धरला होता, पण डोळ्यांना कोण हात धरणार? तरीही ते हसू वाईट नव्हतं. अजून आठवतं तेव्हा मला त्याचा राग येत नाही. अण्णांनी निरोप देताना खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, नोकरी बरी, घराणा बरा. तुमी औंदा शिवरात्रीक चलत येवा. चेडवाक घेवन आमी घरचे सगळे येष्टीन येतलंव. थंयच देवासमोर सुपारी फोडूया." हे चेष्टेत म्हटलं की खरंच, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मी खरंच धरलं.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून अन्न सोडलं. आयेला सांगितलं, शाळेत जेवण आहे. शाळेत सांगितलं, उपास आहे. तिसऱ्याच दिवशी पोरांना नद्यांची नावं सांगता सांगता फळ्याला टेकलो आणि फळ्यासकट खाली आलो. वर्ग एका सुरात ओरडला, "फणस पडलो!"

गावात तेव्हा एक डॉक्टर नवीन आले होते, देशावरचे. त्यांनी नाडी बघितली, सगळी हकीकत काढून घेतली आणि फार गंभीरपणे विचारलं, "मास्तर, हे वजन एका आठवड्यात चढलं का?"

"नाही."

"मग एका आठवड्यात उतरायला ते काय नाटकातलं पोट आहे, उशी काढली की झालं? तुम्हा लोकांना एक तर मेजवानी जमते, नाही तर उपास. मधलं काही येतच नाही." मग समजावून सांगितलं. भात सोडू नका, एक डाव कमी घ्या. मासे खा, पण आमटीचं तळं नको. चहातली साखर थोडी थोडी उतरवा, जिभेला कळू देऊ नका. घावण्यांवरचा गोड रस सणापुरता ठेवा. आणि रोज चाला. "आज एवढंच चाला, की उद्या पुन्हा चालावंसं वाटेल."

इतका साधा सल्ला मला नंतर कुणी दिला नाही. आणि इतका महागही कुणी दिला नाही.

चालायचं कुठं, हा पहिला प्रश्न. आमच्याकडं माणूस चालतो तो कुठंतरी जायला. नुसतं चालणं ही कल्पना गावात नव्हतीच. पहाटे उठून वाळूवर गेलो, तर रापणीचं जाळं ओढायला आलेल्या मंडळींनी मला बघितलं आणि झटकन तोंडं फिरवली. पहाटे समुद्रावर एकटा माणूस ज्या कामासाठी जातो, त्या कामासाठी मी आलोय असं समजून त्यांनी माझी अब्रू राखली. मला हे सोयीचं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी हातात तांब्याच घेतला. तांब्या असला की कुणी थांबवत नाही, कुठं चाललात विचारत नाही. अशी माझी हुशारी! मी तांब्या घेऊन वाळूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप जायचो आणि तसाच झपाझप परत यायचो. पहाटेची ओली वाळू पायाखाली टणक लागायची. कुर्ल्या आपापल्या बिळांत पळायच्या. माडांच्या मागून उजेड यायच्या आधी समुद्राचा रंग राखेसारखा असायचा आणि मग एकदम कुणीतरी त्यात दूध ओतल्यासारखा व्हायचा. पहिले काही दिवस माझा श्वास लाटांपेक्षा मोठ्यानं वाजायचा. पौष लागेपर्यंत मला लाटा ऐकू येऊ लागल्या.

एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही, की गाव माझ्याकडं बघतंय. रोज पहाटे तांब्या घेऊन घाईघाईनं लांब लांब जाणारा आणि दिवसेंदिवस उतरत चाललेला मास्तर. एकदा रापणीवरचा एक म्हातारा तोंड न फिरवता म्हणाला, "मास्तरानू, पोटाक सुंठ घेवा. माझ्या मेव्हण्याक असाच झाला होता." मी हसून म्हटलं, "घेतंय." मेव्हण्याचं पुढं काय झालं ते विचारायला हवं होतं.

घरात लढाई वेगळीच होती. आयेच्या डावाला माझं 'पुरे' ऐकू यायचं नाही. मी ताटावर हात धरला की ती हातावर वाढायची.

"भात कित्याक ठेवलंस?"

"पोट भरला गो."

"भरला कसा? काल इतक्यान भराक नाय ता?"

"आये, माका कायएक होवक नाय."

ती डाव भांड्यात ठेवायची. मग हळूच म्हणायची, "तो पण असाच म्हणी होतो."

मी तिला सांगायला हवं होतं, की एका मुलीसाठी मी हे करतोय. पण खुर्चीची गोष्ट मला तिला सांगायची नव्हती. तळेऱ्याचं बघू, शिवरात्रीनंतर कळवतील, एवढंच सांगितलं. आणि खरं सांगायचं तर मला त्या बारीक होण्याची चोरटी मजा यायला लागली होती. धोतराचा कासोटा आता दोनदा खोचावा लागे. बोटातली अंगठी साबण न लावता निघाली. शाळेची पायरी चढून वर आलो तरी पहिलं वाक्य पुरं बोलता येई. बिनसाखरेच्या चहात चहाची चव असते, भात कमी घेतला की माशाची चव कळते, हे शोध मी तेव्हा लावले. डोंगराखाली इतकी वर्षं एक बांगडा गाडला गेला होता आणि मला पत्ता नव्हता! माणूस हळूहळू हलका होतो तेव्हा त्याला असं वाटतं, की आपल्या आत कुणीतरी खिडक्या उघडतंय.

एक दिवस न्हाणीघराच्या दारात अंग पुसत होतो. आये पाण्याची कळशी घेऊन आली आणि थबकली. ती माझ्या गळ्याखाली बघत होती. मीही खाली मान घालून बघितलं. हाड वर आलं होतं. मला वाटलं, वा! आयेनं कळशी खाली ठेवली आणि आत गेली.

त्या सोमवारी ती म्हणाली, "देवळात चल, नारळ ठेवचो आसा." मला वाटलं, लग्न जमावं म्हणून ठेवतेय. मी नवी टोपी घातली. सोमवारी देवळात सगळं गाव असतं. गुरवानं नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडं देवाच्या कानात कुणी कुजबुजत नाही. देवाला जे सांगायचं ते गावाला ऐकवूनच सांगायचं आणि गावानं होकार भरायचा, अशी रीत आहे.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेक तुझ्या पायाकडे इली असा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो थोरलो झील सुकान सुकान गेलो, ता तू बघितलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"आता हो धाकटो तसोच सुकत चाललो असा! अन्न जायना, पोट ऱ्हवना! ती थोरल्याची पीडा हेच्या अंगात शिरली असात, तर ती भायर काढ आणि सात समुद्राच्या पार घाल!"

"व्हय म्हाराजा!"

या शेवटच्या 'व्हय म्हाराजा'त माझाही आवाज होता. लहानपणापासूनची सवय, गुरव थांबला की तोंड आपोआप उघडतं. टोपी सारखी करत, भरल्या देवळात, मी स्वतःच्या क्षयाला मोठ्यानं होकार दिला. मग अर्थ डोक्यात शिरला. पण गाऱ्हाण्यात मधे बोलत नाहीत. आणि आयेकडं बघितल्यावर बोलायचं बळही राहिलं नाही. ती पदर पसरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

मग कौल लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. धाकट्याला थोरल्याची पीडा नाही, असं असेल तर उजवी दे, म्हणून गुरवानं विनवलं. उजवी पाकळी लगेच पडली. अगदी झटकन, वाट बघत असल्यासारखी. "भियाचा काम नाय," गुरव म्हणाला. आयेनं डोळे पुसले. मीही मनात देवाला डॉक्टरइतकंच हुशार ठरवलं.

पण देऊळ सुटलं की माणसं घरी जातात आणि घरून बाजाराला जातात. बाजारातून एसटी तळेऱ्याला जाते. तिथं गाड्या बदलतात, उतारू हॉटेलात चहा पितात आणि चहाबरोबर बोलतात. तळेऱ्याच्या तिठ्यावर प्रश्न पोचला. उत्तर देवळातच राहिलं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शिवरात्रीला पहाटे निघालो. तरीतून खाडी ओलांडली. पलीकडच्या घाटीला लोक थांबून थांबून चढत होते, मी त्यांच्यातून वाट काढत गेलो. कातळावर वारा मोकळा होता, मोहराचा शेवटचा वास होता, पुढं मागं माणसांच्या रांगा आणि लांबून येणारे ढोल. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, जरा सावकाश!" हे वाक्य मला आयुष्यात त्या दिवसापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. शेवटच्या उतारावरून देवळाचा कळस आणि त्याच्यामागं समुद्र दिसला. मी थांबलो, मुद्दाम श्वास ऐकला. ऐकू आला नाही. मला हसू आलं आणि मी उरलेला उतार पळत उतरलो.

पाय धुतले, दर्शन घेतलं. जत्रेत खाज्यांची दुकानं मांडली होती. दिवाळीपासून मी गूळ तोंडात घातला नव्हता. आज उपास असला तरी हक्क होता. आलं घातलेल्या गुळातलं ते कुडकुडीत खाजं मी तोंडात टाकलं, दुसरं टाकलं, आणि समोर कुसुम दिसली. आईवडलांबरोबर गर्दीतून येत होती. तिनं मला आधी ओळखलं नाही. मग ओळखलं. तिचे डोळे मोठे झाले. ते माझ्या चेहऱ्यावरून खाली माझ्या पायांवर गेले, धुऊनही पोटऱ्यांवर राहिलेल्या लाल धुळीवर थांबले, आणि ती हसली. तोंडावर हात न धरता.

मी म्हणायला गेलो, "चलत इलंय."

आल्याचा तुकडा भलत्या नळीत गेला.

मी खोकलो. थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं, तोंड लाल झालं, मी रुमाल तोंडावर धरून वाकलो आणि खोकत राहिलो. वर बघितलं तेव्हा कुसुमच्या आईनं तिला मागं ओढलं होतं आणि आपल्या पदरानं तिचं नाक दाबून धरलं होतं. भोवतीची गर्दी मला वाट करून देत होती. इतकी मोकळी जागा जत्रेत फक्त पालखीला मिळते.

"पाणी पिया, मास्तर," अण्णा म्हणाले, पण लांबून.

"ठसको... खाज्याचो..." मी म्हटलं. "माका कायएक नाय, अण्णा. डॉक्टरांक इचारा. मी मुद्दाम बारीक झालंय."

"मुद्दाम?" अण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझंच वाक्य खोटं वाटलं. मुद्दाम बारीक होणारा माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. मीही, माझ्याखेरीज, बघितला नव्हता. "मास्तर, तुमी बरे मनीस. पण देवाच्या पुढ्यात तुमच्या आवशीन गाऱ्हाणा घातलान. आवस झिलाबद्दल खोटा सांगतली? डॉक्टर काय, परको मनीस."

कुसुमनं पदर नाकावरून थोडा खाली केला. "चलत इलास?" तिनं विचारलं.

मला पुन्हा खोकला आला. मी नुसती मान हलवली. तिच्या आईनं तिला धरून गर्दीत नेलं.

परत चालतच आलो. उन्हात कातळ तापला होता. तीच घाटी, तीच तरीची होडी. आणि काय चमत्कार, दम लागेना! इतकं चांगलं अंग माझ्याकडं कधी नव्हतं आणि नंतरही कधी आलं नाही. ते कुणाला दाखवायचं, हे मात्र कळत नव्हतं. वाटेत डॉक्टर भेटले असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

त्या वर्षी तळेऱ्याहून निरोप आला नाही. पुढच्या वर्षी कुसुमचं लग्न झालं, दूर कुठंतरी घाटावर दिली. माझंही जमवायचा प्रयत्न झाला. जाडा होतो तेव्हा जाडा म्हणून चालत नव्हतो. बारीक झालो तेव्हा बारीक म्हणून. पुन्हा जाडा झालो तेव्हा, 'मधे बारीक झालो होतो म्हणतत' म्हणून. तिन्ही बाजू पुऱ्या झाल्यावर लोकांनी माझ्यापुरता विषय सोडून दिला. आयेला मी पत्रिकेचं कारण सांगितलं. तिनं तळेऱ्याच्या ज्योतिष्याला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि त्या मी ऐकून घेतल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं आणि आये पायरीवर वाट बघत बसली होती. इतकं चालून मी जिवंत परत येईन की नाही, याच काळजीत तिनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मला बघून ती आत धावली. शिवरात्रीचा उपास, पण तिनं देवाकडं पाठ करून भात टाकला. मीही हात धुऊन पाटावर बसलो. तिनं एक डाव वाढला आणि सवयीनं माझ्या हाताची वाट बघत थांबली. मी हात धरला नाही. तिनं दुसरा वाढला. तिसरा वाढला. वर खोबऱ्याचा जाड रस ओतला. मी कालवलं आणि जेवलो. ताट पुसून स्वच्छ केलं, आणि म्हटलं, "आणखी वाढ."

आये समोर बसली होती. तिनं हात माझ्या गालावर ठेवला, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा तिला मी तोंडभर हसताना बघितलं.

"वाचलंस रे, झिला," ती म्हणाली.